अपडेट मारायचं की थांबायचं?

डिसेंबर-जानेवारी उजाडला की कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या हॉस्टेलवर एक उद्योग सुरू होतो. सीनियरचं जुनं अँड्रॉइड प्रोजेक्ट पेनड्राइव्हवरून घ्यायचं, नाव बदलायचं, रंग बदलायचे आणि फायनल इयरला आपलं म्हणून दाखवायचं. बरोबर की चूक हा विषय वेगळा. पण ते प्रोजेक्ट नव्या अँड्रॉइड स्टुडिओत उघडलं की खाली लाल अक्षरांचा पूर येतो. 'नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड'. 'मिनिमम सपोर्टेड ग्रेडल व्हर्जन' अमुक. जावा तमुक पाहिजे. सीनियरला फोन जातो. तो छातीठोक सांगतो, "माझ्याकडं चालत होतं की!" आणि तो खोटं बोलत नसतो. कोडची एक ओळही बदललेली नाही. बदललंय ते कोडच्या आजूबाजूचं.

या आजूबाजूच्या पसाऱ्यालाच डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. 'रन'चं हिरवं बटण दाबल्यावर काय होतं ते एकदा सावकाश बघितलं, तर हा पसारा उलगडतो. तुम्ही टाइप करता तो एडिटर: व्हीएस कोड, अँड्रॉइड स्टुडिओ, इंटेलिजे, एक्लिप्स, जो असेल तो. एडिटर स्वतः प्रोग्राम तयार करत नाही. तो बिल्ड टूलला हाक मारतो, म्हणजे ग्रेडल, मेव्हन, एनपीएम वगैरेंना. बिल्ड टूल तुमच्या प्रोजेक्टमधली एक छोटी फाइल वाचतं आणि त्यात लिहिलेल्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेलं तयार कोड, इंटरनेटवरून ओढून आणतं. मग कंपायलर किंवा इंटरप्रिटर तुमचं कोड आणि ते आणलेलं कोड एकत्र करून चालवतो. या सगळ्याच्या खाली असतो प्लॅटफॉर्म: विंडोज, अँड्रॉइड, नाहीतर कुठला तरी लिनक्स सर्व्हर.

हे थर वेगवेगळ्या लोकांनी बनवलेत आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आहे. व्हीएस कोडने वर्षानुवर्षं साधारण महिन्याला एक आवृत्ती काढली. पायथनची नवी आवृत्ती वर्षातून एकदा, ऑक्टोबरात येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं आधार मिळतो. जावा २०१८ पासून दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरात येतं. त्यातल्या ठरावीक आवृत्त्याच लांब पल्ल्याच्या असतात: ८, ११, १७, २१, २५. अँड्रॉइड वर्षाला एक. लायब्ररींचं तर काही ठरलेलंच नाही. लिहिणाऱ्याला रविवारी रात्री वाटलं, तर रविवारी रात्री. सीनियरचं प्रोजेक्ट या सगळ्यांच्या एका दिवसाच्या जुळणीवर उभं होतं. तो दिवस गेला.

म्हणून 'अपडेट करावं का?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. लोक मात्र एकच उत्तर धरून बसतात. काही जण दिसलं अपडेट की मारलं, आणि काही जण 'चालतंय ते चालू दे' म्हणत वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. मला विचाराल तर प्रत्येक अपडेटला आधी एवढंच विचारायचं: जे बदलणार आहे ते माझ्या टेबलावरच राहणार, की गिऱ्हाइकाच्या मशीनवर जाणार? एडिटरची नवी थीम टेबलावर राहते. बिलाची बेरीज करणारी लायब्ररी शिरोलीतल्या कारखान्यात जाऊन बसते. पहिल्याला घाबरायचं कारण नाही, दुसरं वाचल्याशिवाय मारायचं नाही. याला अपवाद आहेत, आणि शिकण्यासारखं जास्त त्या अपवादांतच आहे.

एडिटर बिनधास्त, एक्स्टेन्शन जपून

एडिटर अपडेट झाला आणि काल स्वच्छ दिसणाऱ्या फाइलमध्ये आज लाल-पिवळ्या रेघोट्या आल्या, असा अनुभव बहुतेकांना असेल. कोड तेच, मग चूक कुठून आली?

पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागायची. दहा एडिटर आणि दहा भाषा असतील तर शंभर जोडण्या. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही या कंपन्यांसोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्याची कल्पना साधी होती. भाषा समजणारा प्रोग्राम वेगळा काढायचा, त्याचं नाव लँग्वेज सर्व्हर, आणि एडिटरने त्याच्याशी एका ठरलेल्या पद्धतीने बोलायचं. शंभर जोडण्यांचं काम वीस तुकड्यांत आलं. आज एखाद्या नव्या भाषेला आठवड्याभरात सगळ्या एडिटरांत रंग, सूचना, 'इथे जा' हे सगळं मिळतं ते यामुळे.

पण याचा एक परिणाम लक्षात घ्यायला हवा. रेघोट्या काढणारा लँग्वेज सर्व्हर वेगळा आणि प्रोग्राम तयार करणारा कंपायलर बऱ्याचदा वेगळा. पहिला अपडेट होऊन जास्त कडक झालेला असू शकतो आणि दुसरा आहे तिथेच असतो. म्हणून रेघोट्या दिसल्या की आधी टर्मिनल उघडून तिथून बिल्ड चालवा. तिथे पास झालं, तर ती रेघोटी म्हणजे एडिटरचं मत आहे. मत ऐकावं, बहुतेक वेळा ते बरोबरही असतं, पण त्यासाठी रात्री बारा वाजता घाबरून कोड बदलायची गरज नाही.

एडिटरचं अपडेट अंगावर आल्याची उदाहरणं आहेत, पण थोडी. २०२४ च्या फेब्रुवारीत व्हीएस कोडची १.८६ आवृत्ती आली आणि उबंटू १८.०४, सेंटओएस ७ अशा जुन्या लिनक्स सर्व्हरांना लांबून जोडून काम करणाऱ्या लोकांची दारं बंद झाली, कारण नव्या आवृत्तीला सर्व्हरवर जास्त नवी मूलभूत लायब्ररी हवी होती. बोंब झाल्यावर मायक्रोसॉफ्टने मुदत वाढवून दिली. इथे अपडेट लॅपटॉपवर झालं होतं, पण एडिटरचा अर्धा भाग सर्व्हरवर चालत होता. टेबल आणि गिऱ्हाइकाचं मशीन यांतली रेघ कधी कधी अशी पुसट असते.

एक्स्टेन्शनचं प्रकरण निराळं. व्हीएस कोडमध्ये टाकलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला वरून जोडलेली जादा सोय, तुमच्या लॅपटॉपवर तुमच्याच अधिकाराने चालतं. म्हणजे तुम्हाला वाचता येणारी प्रत्येक फाइल त्यालाही वाचता येते: क्लायंटच्या सर्व्हरच्या चाव्या, डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेली ती फाइल, सगळं. आणि एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतात. आज चांगल्या माणसाचं असलेलं एक्स्टेन्शन उद्या त्याचं खातं चोरीला गेलं की वाईट माणसाचं होतं, आणि तुमच्या पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही. कर्सरच्या मागे फुलपाखरू उडवणारं एक्स्टेन्शन ठेवायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी नसतं ठेवलं.

बोंबलणारे बदल आणि गप्प बदल

भाषेची नवी आवृत्ती आली की लोक भितात ते एररना. खरं तर एरर हा सज्जन बदल. तो ओरडून सांगतो, इथे मोडलंय, बघा.

पायथनचं घ्या. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि पायथन २ चा शेवटचा दिवस ठरला १ जानेवारी २०२०. मध्ये अकरा वर्षं गेली. जुन्यात 'प्रिंट'पुढे कंस लागत नव्हते, नव्यात लागतात. हा बोंबलणारा बदल. प्रोग्राम पहिल्या सेकंदाला थांबतो, तुम्ही कंस घालता, पुढे जाता. पण त्याच आवृत्तीत दोन गप्प बदल होते. पायथन २ मध्ये ७ भागिले २ केलं तर उत्तर ३ यायचं, ३ मध्ये साडेतीन येतं. आणि राउंड करायची पद्धत बदलली. बरोबर अर्ध्यावर असलेली रक्कम पूर्वी वर जायची. आता ती जवळच्या सम संख्येकडे जाते. १२५०.५० रुपयांचं बिल जुन्यात १२५१ व्हायचं, नव्यात १२५० होतं. १२५१.५० मात्र दोन्हीकडे १२५२. काही एरर नाही, वॉर्निंग नाही. फरक कळतो तो मार्चअखेरीला, जेव्हा उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपच्या हिशेबात राउंड-ऑफचा कॉलम सीएच्या आकड्याशी जुळत नाही.

म्हणून नवी आवृत्ती घेताना त्या आवृत्तीसोबत येणारं बदलांचं पान वाचायचं, आणि त्यात काय नवीन आलं यापेक्षा काय वेगळं वागणार आहे, हे शोधायचं. नव्या सोयींची यादी मन रिझवायला असते. नुकसान 'वर्तन बदलले' या सदरात असतं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा गप्प बदल जावामध्ये झाला आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी कानावर येत नाही. विंडोजवर जावा १७ पर्यंत फाइल लिहिताना कुठली लिपी-पद्धत वापरायची हे तुम्ही सांगितलं नाहीत, तर जावा विंडोजची ठरलेली पद्धत उचलायचं. आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर ती पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीची असते. तिच्यात देवनागरीला जागाच नाही. मग 'कोल्हापूर' असं लिहिलेलं फाइलमध्ये नऊ प्रश्नचिन्हं होऊन पडायचं: पाच अक्षरं आणि त्यांच्या काना-मात्रा-उकार-हलन्त मिळून नऊ खुणा, प्रत्येकीला एक. मूळ मजकूर कायमचा गेला. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून काही न सांगता युटीएफ-८ ही सगळ्या लिप्या मावणारी पद्धत वापरली जाते आणि मराठी मराठीच राहतं. आपल्या दृष्टीने हे अपडेट सोन्यासारखं.

पण त्यालाही दुसरी बाजू आहे. समजा फाउंड्रीतल्या भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवणारा जुना प्रोग्राम आहे आणि त्याच्या फाइलींत '१४००' च्या पुढे अंशाचं छोटं वर्तुळ आहे. ते वर्तुळ जुन्या पद्धतीने लिहिलेलं आहे. नव्या जावाने ती फाइल काही न सांगता वाचली की वर्तुळाच्या जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येणार, आणि पुढचा प्रोग्राम तापमानाचा आकडा शोधताना अडखळणार. म्हणून आवृत्ती कुठलीही असो, फाइल वाचताना-लिहिताना पद्धत स्वतः लिहून सांगावी. पायथन ३ या बाबतीत निदान ओरडतं. विंडोजवर पद्धत न सांगता मराठी लिहायला गेलात तर बहुतेक वेळा सरळ एरर देऊन थांबतं. पायथन ३.१५ पासून तिथेही युटीएफ-८ हीच गृहीत पद्धत करायचं ठरलं आहे.

आता उलटी बाजू, अजिबात अपडेट न करण्याची. आपल्याकडच्या कित्येक लॅबमध्ये अजून टर्बो सी++ ची निळी स्क्रीन दिसते, डॉसबॉक्समध्ये कोंबून चालवलेली. बोर्लंड कंपनीचं हे टूल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं, आणि सी++ भाषेचं पहिलं अधिकृत मानक आलं १९९८ मध्ये. म्हणजे पोरं भाषेचे नियम ठरण्याआधीची भाषा शिकतात. 'आयोस्ट्रीम'पुढे डॉट एच लावायची, 'क्लिअरस्क्रीन' म्हणायचं, 'व्हॉइड मेन' लिहायचं. यातलं बरंचसं आजच्या कंपायलरला चालत नाही किंवा मान्य नाही. आणि टर्बोमधला पूर्णांक १६ बिटांचा. त्यात ३२,७६७ च्या वर आकडा मावत नाही. २०० नग गुणिले २०० रुपये करून बघा: ४०,००० ऐवजी उत्तर येतं उणे २५,५३६. पुण्यात पहिल्या इंटरव्ह्यूला गेलेल्या पोराला हे तिथे कळण्यापेक्षा इथल्या लॅबमध्ये कळलेलं बरं. जीसीसी हा आजचा कंपायलर फुकट मिळतो, जुन्या मशीनवर चालतो. प्रॅक्टिकलची जर्नल नव्याने लिहावी लागेल, हे एवढंच काय ते आड येतं, आणि ते कारण पुरेसं नाही.

लायब्ररी: तीन आकडे आणि एक टोपी

लायब्ररीच्या आवृत्तीला बहुधा तीन आकडे असतात. समजा २.४.१. शेवटचा वाढला तर फक्त दुरुस्ती. मधला वाढला तर नवी सोय, पण जुनं मोडणार नाही. पहिला वाढला तर जुनं मोडू शकतं, बघून घ्या. हा संकेत आहे, कायदा नाही. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे आकडे वाढवले तरच त्याला अर्थ. आणि एखाद्याची दुरुस्ती म्हणजे दुसऱ्याचं मोडणं असतंच. तुमचं कोड ज्या चुकीवर टेकून उभं होतं तीच त्यांनी दुरुस्त केली, असं होतं.

जावास्क्रिप्टवाल्यांच्या एनपीएममध्ये लायब्ररीचं नाव लिहिलं की आकड्याआधी टोपीसारखी एक खूण आपोआप लागते. तिचा अर्थ: पहिला आकडा तोच ठेवून मिळेल ती सगळ्यात नवी आवृत्ती आण. म्हणजे सोमवारी तुम्ही आणि बुधवारी तुमचा मित्र, तेच प्रोजेक्ट, तीच फाइल, पण मशीनवर आलेलं कोड वेगळं. 'माझ्याकडं चालत होतं' याचं हे दुसरं मूळ. त्यावर उपाय म्हणून लॉक फाइल असते. आज नेमक्या कुठल्या आवृत्त्या आल्या याची ती काटेकोर नोंद. एनपीएममध्ये ती २०१७ पासून आपोआप तयार होते. काही पोरं ती 'कसली तरी मोठी फाइल' म्हणून गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये, टाकतच नाहीत. तसं करू नका. पायथनमध्ये हे काम स्वतःहून करावं लागतं: प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आणि आवृत्त्यांची नेमकी यादी.

आपण किती लोकांच्या भरवशावर उभे आहोत हे २०१६ च्या मार्चमध्ये दिसलं. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणारी लेफ्ट-पॅड नावाची ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतली आणि जगभरची बिल्ड धडाधड पडायला लागली. एनपीएमने ती परत आणून बसवली तेव्हा गाडी पुढे सरकली.

मग सुरक्षेच्या अपडेटचं काय? इथे दोन प्रसंग एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. डिसेंबर २०२१ मध्ये प्रोग्रामच्या हालचालींची नोंद ठेवणाऱ्या, जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीत असं भोक सापडलं, की एखाद्याने लॉगिनच्या रकान्यात विशिष्ट मजकूर टाकला तरी तो तुमच्या सर्व्हरवर हवा तो प्रोग्राम चालवू शकेल. धोक्याचा स्कोअर १० पैकी १०. त्याच महिन्यात दुरुस्त्या एकामागोमाग आल्या, कारण पहिली दुरुस्ती पुरी पडली नाही. इथे थांबणारे फसले.

आणि मार्च २०२४. एक्सझेड युटिल्स हे लिनक्सवर सगळीकडे असलेलं फाइल दाबून लहान करायचं टूल. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला होता. तो बसवणाऱ्याने आधी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता. ते सापडलं अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला, तेही सर्व्हरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या चिडचिडीतून. इथे ज्यांनी नवीन आवृत्ती तातडीने घेतली होती ते धोक्यात होते. जुन्या, मुरलेल्या आवृत्तीवरचे सुखात. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवरच्या चॉक आणि डीबग या अतोनात वापरल्या जाणाऱ्या लायब्ररींच्या आवृत्त्यांतही असंच विष कालवलं गेलं. ते काही तासांत पकडलं गेलं.

या दोन्हींतून माझ्यापुरता निघालेला अर्थ असा: अपडेट कशासाठी आलंय हे आधी वाचायचं. 'नवीन सोयी, वेग वाढवला' असं असेल तर आठवडाभर मुरू द्यावं, तेवढ्यात जगाने ते वापरून बघितलेलं असतं. 'अमुक भोक बुजवलं' असं असेल आणि ते भोक तुम्हाला लागू असेल, तर त्याच दिवशी. लागू आहे का हे कळायला आपल्या प्रोजेक्टमध्ये काय काय आलंय हे माहीत हवं, आणि ते पुन्हा लॉक फाइलच सांगते.

अँड्रॉइडवाल्यांची ३१ ऑगस्ट

हॉस्टेलवरच्या त्या लाल अक्षरांचं कारण बहुधा हे असतं. ग्रेडल हे बिल्ड टूल, आणि त्याला अँड्रॉइड शिकवणारं प्लगिन वेगळं. हे प्लगिन ४.२ वरून २०२१ मध्ये थेट ७.० झालं, कारण त्याचा आकडा ग्रेडलच्या आकड्याशी जुळवायचा होता. ५ आणि ६ शोधू नका, त्या नाहीतच. ७ ला जावा ११ लागलं. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या ८.० ला जावा १७ लागलं, आणि अॅपचं पॅकेज नाव मॅनिफेस्ट या अॅपची ओळख सांगणाऱ्या फाइलऐवजी बिल्डच्या फाइलमध्ये 'नेमस्पेस' म्हणून लिहिणं सक्तीचं झालं. तुम्ही तुमच्या फाइलमध्ये लिहिलंत तरी तीन वर्षं कुणी हात न लावलेल्या एखाद्या लायब्ररीने लिहिलेलं नसतं, आणि तिथे बिल्ड अडतं. फ्लटर या अॅप बनवायच्या साधनावर काम करणाऱ्यांच्या नशिबी आणखी एक: त्याची भाषा डार्ट, आणि मे २०२३ च्या डार्ट ३ ने नल सेफ्टी (रिकामी किंमत आधीच हाताळायची सक्ती) नसलेलं कोड घेणंच बंद केलं. मार्च २०२१ च्या आधीचं कुठल्याही फ्लटर प्रोजेक्टला या दोन्ही चाळण्यांतून जावं लागतं.

जुनं प्रोजेक्ट वर आणताना एका उडीत ४ वरून ८ वर जाऊ नका. अँड्रॉइड स्टुडिओच्या टूल्स मेनूत अपग्रेड असिस्टंट आहे. तो एकेक टप्पा सुचवतो आणि काय बदलणार हे आधी दाखवतो. एक टप्पा, एक बिल्ड, गिटमध्ये एक कमिट, म्हणजे बदलाची एक नोंद. कंटाळवाणं आहे. पण पाचव्या टप्प्यावर मोडलं, तर निदान पाचव्यावर मोडलं हे कळतं.

कॉलेज सुटल्यावर याच गोष्टीला तारीख लागते. गूगल प्लेचा नियम आहे की नवं अॅप किंवा जुन्याचं अपडेट टाकायचं तर ते अलीकडच्या अँड्रॉइडसाठी तयार केलेलं हवं, आणि ही पायरी दरवर्षी ३१ ऑगस्टला वर सरकते. २०२४ मध्ये ती एपीआय लेव्हल (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला क्रमांक) ३४ होती, २०२५ मध्ये ३५, म्हणजे अँड्रॉइड १५. फार मागे राहिलेली अॅप्स नव्या फोनवर नव्या लोकांना दिसायचीही बंद होतात. पायरी चढायची तर एसडीके, म्हणजे अॅप बनवायच्या साधनांचा संच, नवा, एसडीके नवा तर प्लगिन नवं, प्लगिन नवं तर ग्रेडल आणि जावा नवं. एका आकड्यासाठी सगळी साखळी हलते. शाळेचं, पतसंस्थेचं, गुळाच्या दरांचं अॅप करून दिलेल्या माणसाने हे वार्षिक काम करारातच लिहून घ्यावं, नाहीतर दर ऑगस्टला फुकट राबावं लागतं. शिवाय ऑगस्ट म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं हे बघत बसायचा महिना. २०१९ च्या ऑगस्टात पुराने शहराला वेढा घातला तेव्हा बिल्डचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. जूनमध्ये उरकून टाका. गूगल मागितल्यावर १ नोव्हेंबरपर्यंत मुदत वाढवून देत आलंय, पण ती मागावी लागते.

सॅम्पल ओतून बघा

अपडेट घेतल्यावर 'चालतंय' म्हणजे काय? विंडो उघडली, मेनू दिसला, एवढ्यावर लोक समाधान मानतात. वाळू देणारा बदलला म्हणून शिरोलीतला फाउंड्रीवाला थेट हजार नग ओतत नाही. तो आधी सॅम्पल ओततो, कापून आत पोकळी आहे का बघतो, मापं जुन्या नगाशी ताडतो, मग ऑर्डरीला हात घालतो. सॉफ्टवेअरमध्ये जुना नग म्हणजे जुनं आउटपुट. अपडेटच्या आधी खरी वाटावीत अशी पन्नास-शंभर बिलं काढून ठेवा. त्यात अर्ध्या रुपयावरची, परताव्याची, मराठी नावांची, शून्य रकमेची अशी अडचणीची मुद्दाम घ्या. अपडेटनंतर तीच बिलं पुन्हा काढा आणि दोन फायली मशीनकडून ओळीला ओळ तपासून घ्या. राउंड-ऑफचा तो गप्प बदल इथे एका मिनिटात सापडतो. डोळ्यांनी तपासून तो वर्षभरात सापडत नाही.

अपडेटची कमिट वेगळी ठेवावी, तिच्यात दुसरा कुठलाही बदल नको. महिन्याने काही बिघडलेलं कळलं तर गिटची बायसेक्ट ही कमांड मधल्या कमिट अर्ध्या-अर्ध्या करत दोषी कमिटपर्यंत नेते. हजार कमिट असल्या तरी दहाएक तपासण्यांत. पण त्या कमिटमध्ये अपडेट आणि नवा रिपोर्ट आणि बटणाचा रंग असं सगळं एकत्र असेल, तर बायसेक्ट तरी काय सांगणार?

एडिटरात आलेल्या एआय मदतनीसांबद्दल थोडंच. कोपायलट २०२२ पासून सगळ्यांना खुला झाला, आता तर दर एडिटरात असं काहीतरी आहे. त्याच्यामागचं मॉडेल बदललं तरी तुमच्या प्रोजेक्टमधला कुठलाच आकडा बदलत नाही. आणि ते जुन्या कोडवर शिकलेलं असल्याने काढून टाकलेल्या पद्धतीही आत्मविश्वासाने सुचवतं. मॅनिफेस्टमध्ये पॅकेज नाव लिहा, असा सल्ला अजूनही मिळू शकतो.

ज्याचं अपडेट आता येणारच नाही

शेवटी एक निराळा प्रकार, एमआयडीसीच्या डिस्पॅच ऑफिसांत अजून भेटणारा: व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) किंवा व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या टूल्समध्ये लिहिलेलं चलन-बिलाचं सॉफ्टवेअर. व्हीबी ६ हे १९९८ चं; त्याच्या एडिटरचा आधार एप्रिल २००८ मध्ये संपला. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती, नववी, २००४ ची. दहावी येणार नाही हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सांगून टाकलं आणि जानेवारी २०१५ मध्ये आधारही थांबवला. तरी हे प्रोग्राम विंडोज ११ वरही चालतात. मालक म्हणतो, चालतंय की. त्याचं चूक नाही. पण फॉक्सप्रोची एक फाइल दोन जीबीच्या वर जाऊ शकत नाही, आणि वीस वर्षांची चलनं त्या भिंतीकडे रोज थोडी थोडी सरकत असतात.

इथे टूल बदलण्यापेक्षा डेटा बाहेर काढणं अवघड, आणि त्यातही मराठी. या दोन्ही टूल्सना युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच ठरलेली मांडणी, धड येत नाही. म्हणून तेव्हा श्री-लिपीसारखे फॉन्ट वापरून मराठी दाखवायचे. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं-चिन्हांची खिचडी असते, फॉन्ट तिला मराठीचं रूप देतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती खिचडीच दिसते. ती युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे आधी कुठला फॉन्ट होता हे नक्की करा. मग गडहिंग्लज, हातकणंगले, कुऱ्हाडे, शिर्के अशी जोडाक्षरं, अनुस्वार आणि रफार असलेली नावं वेगळी काढून त्यांच्यावर चालवून बघा. रफार भलत्या अक्षरावर बसणं ही नेहमीची तक्रार. आणि कन्व्हर्टर पूर्ण टेबलावर एकदम सोडू नका. जीएसटी नंबर, गाडी नंबर, पार्ट नंबर हे कॉलम मुळातच साध्या इंग्रजीत असतात. त्यांच्यावरून तो फिरला, तर ट्रकच्या नंबरच्या जागी कुठल्याच भाषेत नसलेला मराठी शब्द तयार होतो, आणि मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवली नसेल तर तो नंबर परत मिळत नाही.